तारमास्तरांचा दुसरा दिवा

अहरोनमास्तरांच्या आणि आमच्या बिऱ्हाडात कुडाची एकच भिंत होती. त्यांच्याकडे कांद्याला फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागायचा, आणि आमच्याकडे नवराबायकोचं वाजलं की दुसऱ्या दिवशी रिबकाबाई वाटीभर खोबऱ्याचा हलवा घेऊन माझ्या दारात उभ्या राहायच्या. कारण विचारायच्या नाहीत. भिंतीनं सगळं सांगितलेलंच असायचं.

ही गोष्ट एकोणीसशे तीसनंतरच्या चार-पाच वर्षांतली. आमच्या ह्यांची बदली अलिबागच्या दक्षिणेकडच्या एका खाडीवरल्या गावी झाली होती, कचेरीत कारकून म्हणून. घर मिळालं ते खाडीच्या तोंडाशी, गावातलं शेवटचं. अर्ध्या घरात आम्ही आणि अर्ध्या घरात तारखात्यातून पेन्शन घेऊन आलेले अहरोनमास्तर. गाव त्यांना तारमास्तर म्हणे. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. गावात त्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे, कारण त्यांच्या आज्या-पणज्यांचे घाणे शनिवारी बंद असत. मास्तरांच्या घरात घाणा नव्हता, पण शनिवार होता, त्यांच्या भाषेत शब्बाथ. शुक्रवारी सूर्य बुडण्याआधी रिबकाबाई खोबरेलाचा काचेचा टांगता दिवा लावायच्या, आणि एकदा तो लागला की दुसऱ्या दिवशी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत त्या घरात काडी ओढायची नाही, चूल पेटवायची नाही, कसल्याच कामाला हात लावायचा नाही.

मास्तर उंच, काटकुळे, डोक्यावर काळी गोल टोपी, आणि ऐन वैशाखातही कोटाची सगळी बटणं लावलेली. बोटं कधी स्थिर नाहीत. जेवताना पाटावर, बोलताना गुडघ्यावर, तारेची कडकट्ट चाललेलीच. रिबकाबाई म्हणायच्या, हे माझ्याशी बोलतात त्यापेक्षा पाटाशी जास्त बोलतात.

या माणसाला एक खूळ होतं. कुठलीही वस्तू पाहिली की ती पडली तर कुठे पडेल हे आधी बघायचं. फळीच्या कडेला भांडं दिसलं की उठून आत सरकवणार. शिडीवर चढायचं तर खाली आधी गोणपाटं अंथरणार, आणि आमचे हे ओसरीवरून हसत बसणार. एकुलती लेक एस्तेर बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा पाळणा टांगला तो जमिनीपासून जेमतेम वीतभर, आणि त्याखाली गादी. मी म्हटलं, मास्तर, मग पाळणा तरी कशाला? तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, सगळं कधीतरी पडतंच. पडेल तेव्हा कुठे पडेल, तेवढं आपण ठरवून ठेवायचं."

त्यांनी गावासाठी जे केलं, ते या खुळातूनच केलं.

खाडीच्या तोंडाशी कासव नावाचा खडक आहे. ओहोटीला त्याची पाठ दिसते, भरतीला काहीच दिसत नाही, आणि होड्या परत यायच्या त्या भरतीबरोबरच. म्हणून तिथे पूर्वीपासून खांबावर घासलेटचा दिवा असे. मग एका शेटनं गावात मासळीसाठी बर्फाचा कारखाना काढला, त्याच्या इंजिनावर वीज आली, बाजारात दिवे लागले, आणि बंदरखात्यानं ठरवलं की कासवावरचा दिवाही विजेचाच करायचा. सगळे खूश होते, एक कोळीवाडा सोडून. कोळीवाड्यातला धर्मा नाखवा एके दिवशी मास्तरांच्या ओसरीवर येऊन बसला. चांगला जाणता माणूस, दोन होड्यांचा मालक. त्याचं म्हणणं सरळ होतं. बाजारातला दिवा विझला तर वाणी मेणबत्ती लावील. कासवावरचा विझला तर आम्ही काय करायचं?

मास्तरांनी त्याच संध्याकाळी पेटीतून जुनी अवजारं काढली.

तारखात्यात रिले नावाचं एक यंत्र असतं. लांबून आलेली तारेची वीज थकून गेलेली असते. तिच्यात दुसरं काही करायचा जोर नसतो, पण एका गुंडाळीत शिरून ती लोखंडाला चुंबक करते, चुंबक एक लहानशी लोखंडी जीभ ओढतो, आणि त्या जिभेनं दुसऱ्या, ताज्या विजेचा रस्ता मोकळा होतो. मास्तरांनी हेच उलटं करायचं ठरवलं. इंजिनाची वीज चालू आहे तोवर चुंबकानं जीभ धरून ठेवायची. वीज गेली की चुंबक मेला, जीभ आपल्या वजनानं खाली पडली, आणि ती पडेल तिथेच बॅटरीच्या दिव्याची तार जोडलेली. म्हणजे पहिला दिवा विझल्याबरोबर दुसरा लागणार. कुणाला उठायला नको, काडी ओढायला नको, मग शुक्रवार असो की दुसरा कुठला वार.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी त्यांनी तारखात्यातली जुनी गुंडाळी इंजिनाच्या विजेला जोडली आणि भिंतीच्या या बाजूला माझ्या वरणात जळक्या लाखेचा वास उतरला. मी धावत गेले तर मास्तर काळ्या पडलेल्या गुंडाळीकडे बघत बसले होते, जराही न ओशाळता. मग त्यांनी मला समजावलं. तारेची वीज ओढ्याच्या पाण्यासारखी, एकाच दिशेला वाहणारी. इंजिनाची वीज खाडीच्या पाण्यासारखी. भरती, ओहोटी, पुन्हा भरती, आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीतरी वेळा. अशा विजेनं भरीव लोखंड आतून तापतं. म्हणून त्यांनी घासलेटचे डबे कापून पातळ पट्ट्या केल्या, प्रत्येकीला चपड्याचा, म्हणजे पातळ लाखेचा, हात दिला, आणि त्या एकावर एक रचून नवा गाभा बांधला. बारीक तारेचे वेढे घालायला त्यांना सबंध पावसाळा लागला.

गाभा तापेना, पण जीभ थडथडायला लागली. भरती-ओहोटीच्या मधे पाणी क्षणभर थबकतं ना, तसं विजेचंही होतं, आणि तेवढ्यात चुंबक जीभ सोडतो, पुन्हा पकडतो. भिंतीपलीकडे कुणी तरी दिवसभर पत्रा खरवडतंय असं वाटायचं. मास्तरांनी यावर इलाज केला तो तांब्याच्या कड्याचा. चुंबकाच्या तोंडाच्या अर्ध्या भागात एक जाड तांब्याचं कडं बसवलं. त्यामुळे त्या अर्ध्या भागातलं चुंबकपण जरा मागून येतं. एकानं हात सोडला तरी दुसऱ्यानं धरलेला असतो, असं ते म्हणाले. थडथड गेली, नुसती गुणगुण उरली. ते तांबं मात्र रिबकाबाईंच्या पाण्याच्या घागरीचं होतं, आणि घागर लग्नातली. त्या दिवसापासून त्या रिलेला सवत म्हणायला लागल्या. गावानं नाव ठेवलं, मास्तरांची माशी.

खांबाजवळ खारी हवा, म्हणून माशी बसवली मास्तरांच्या ओसरीवर, फळीवर ठोकून, काचेच्या बरण्यांतल्या बॅटऱ्यांच्या शेजारी. आणि तिथून तारा गेल्या कासवाच्या खांबावर. धर्मा नाखव्याला बोलावून मास्तरांनी त्याच्यासमोर इंजिनाकडून येणारी तार सोडवली. टक्क आवाज झाला आणि खांबावर दुसरा दिवा लागला. नाखव्यानं ते तीनदा करून बघितलं. मग म्हणाला, "मास्तर, म्या पोरांना सांगू का, का दिवा इझायचा न्हाय म्हनून?"

"सांगा," मास्तर म्हणाले. "माझा शब्द."

मला वाटतं, मास्तरांनी आयुष्यात लाखभर लोकांचे शब्द तारेनं पोचवले असतील, पण स्वतःचा दिलेला हा पहिलाच. तो त्यांनी देवपूजेसारखा सांभाळला. रोज दिवेलागणीला इंजिन सुरू झालं की एकदा तार सोडवून बघणार, दुसरा दिवा लागला की पुन्हा जोडणार. शुक्रवारी इंजिनवाला त्यांच्यासाठी इंजिन जरा लवकर लावी. मास्तर ऊन असतानाच तपासणी करून, हात धुऊन, मशिदीत जायचे. आपल्या प्रार्थनेच्या जागेला ते लोक मशीदच म्हणत. शनिवारी सकाळी खटका पाडून सगळं बंद करायचं काम माझ्याकडे होतं. मला त्याचा केवढा तोरा होता.

त्यानंतर दोन वर्षांत इंजिन कितीदा तरी बंद पडलं. दरवेळी भिंतीपलीकडे गुणगुण थांबायची, टक्क व्हायचं, आणि खाडीवर दुसरा दिवा लागायचा. कोळीवाड्यातून मास्तरांकडे न सांगता पापलेटं यायला लागली. नाखव्याचा धाकटा मुलगा, काशिनाथ, ती घेऊन येई आणि ओसरीवर उभा राहून माशीचा आवाज ऐकत राही.

मग आश्विनातला तो शुक्रवार आला. नेमके आम्ही नवस फेडायला पालीला गेलो होतो. पुढचं मी सांगते ते मला रिबकाबाईंनी सांगितलेलं, चौथ्या दिवशी, विहिरीवर, दोघीच असताना.

एस्तेरचं बाळ महिन्याभराचं झालं होतं आणि दोन दिवस पोटात दुखून ओरडत होतं. पाळणा ओसरीलगतच्या खोलीत. बाळाचा जरा डोळा लागावा आणि पलीकडच्या गुणगुणीनं त्यानं दचकून उठावं, असं चाललेलं. मास्तर रोजच्यासारखी तपासणी करून मशिदीत गेले. एस्तेर रडकुंडीला आली होती. रिबकाबाईंनी बाळाच्या दुपट्याची एक चिंधी घेतली, घडी घातली, आणि माशीच्या जिभेमागे खोचून दिली. जीभ चुंबकाला घट्ट दाबली गेली आणि गुणगुण थांबली. कासवावर पहिला दिवा लागलेलाच होता. बाळ झोपलं. बाळ झोपलं म्हणून आईही तिथेच झोपली.

दिवा लावायच्या आधी चिंधी काढायची, असं रिबकाबाईंच्या मनात होतं. पण ऊन खाली गेलं होतं, वेळ टळत होती. त्यांनी घाईघाईनं काचेचा दिवा लावला, डोळ्यांवर हात घेऊन प्रार्थना म्हटली, हात खाली घेतले, आणि तेव्हा चिंधी आठवली.

आता शब्बाथ लागला होता. हात लावायचा नव्हता. त्यांनी मला हाक मारली, कुडावर थापही मारली. आम्ही नव्हतो. मग त्यांनी मनाशी म्हटलं, इंजिन चालू आहे, दिवा जळतोय. उद्या तीन चांदण्या दिसल्या की पहिलं काम हेच करीन.

थोड्या वेळानं इंजिनाचा पट्टा तुटला. बाजार काळोखात गेला, कासवावरचा दिवा विझला. जीभ पडायची ती पडली नाही.

"मी बसून होते," रिबकाबाई मला म्हणाल्या. "चिंधी समोर दिसत होती. उठायचं म्हणत होते. वीज येईलच, नेहमी येते, म्हणत होते. पन्नास वर्षं जे केलं नाही, ते हात करेनात, वहिनी."

मास्तर मशिदीतून बाहेर आले ते काळोखात. त्यांनी आधी खाडीकडे पाहिलं. मग ते धावले. त्या वयाचा माणूस, टोपी पडली तरी थांबला नाही. घरात शिरले, अंधारात जिभेवर हात फिरवला, चिंधी हाताला लागली, ती उपसली. टक्क झालं, दुसरा दिवा लागला. त्यांनी काचेच्या दिव्यावर कागद धरून कंदील पेटवला, शब्बाथच्या दिव्यावर, आणि तो घेऊन किनाऱ्यावर पळाले. तोवर काशिनाथची होडी कासवावर फुटली होती. आश्विनात समुद्र अजून उरलेला पावसाळा काढत असतो. पाच जणांतले दोघे पोहत आले, तिघे बुडाले. काशिनाथ सकाळी सापडला.

आम्ही शनिवारी दुपारी परत आलो. कोळीवाड्यातलं रडणं बैलगाडीतूनच ऐकू आलं. मास्तर ओसरीवर फळीसमोर बसले होते. कोटाच्या बाह्या खाऱ्या पाण्यानं पांढऱ्या झालेल्या. बोटं स्थिर होती, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी खटका पाडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

बंदरखात्याचा इन्स्पेक्टर आला. सभ्य होता, आवाज चढवला नाही. मास्तरांनी त्याला एवढंच सांगितलं की जीभ अडकली, बांधणीत दोष होता, बांधणी माझी. कासवाचा दिवा मास्तरांकडून काढून घेतला गेला. माशी फळीसकट उचलून इंजिनघरात नेली, कुलपाच्या पेटीत. आमच्या भिंतीतली गुणगुण संपली, आणि मला कितीतरी दिवस झोप लागेना.

पण खरा निवाडा झाला तो तेराव्यानंतर, धर्मा नाखवा आला तेव्हा. मी माझ्या पायरीवर तांदूळ निवडत होते. रिबकाबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांचा पदर मला दिसत होता. नाखवा पूर्वी बसायचा तिथेच बसला.

"मास्तर, तुमी शबूद दिलता."

"दिला होता."

"तुमी रोज तार वढून बघायचंव. त्या दिशी बघितली का न्हाय?"

हो म्हणाले असते तर पुढचा प्रश्न सरळ होता. संध्याकाळी चालणारी जीभ थोड्याच वेळात कशी अडकली, कुणी अडकवली. मास्तरांनी दाराकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "नाही बघितली."

नाखव्यानं माशीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाला, "माजा पोर तुमच्या भरवशावर व्हता." आणि उठून गेला. त्यानंतर कोळीवाड्यातून कुणीही त्या ओसरीवर आलं नाही. रस्त्यात मास्तर दिसले की बायका टोपल्या घेऊन दुसऱ्या बाजूनं जायच्या. त्या शुक्रवारी मास्तरांनी तपासणी केली होती, हे त्यांची बायको आणि मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मला ठाऊक आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

मला मास्तरांचा राग आला, हे मी लपवत नाही. लोक म्हणतील, केवढं मोठं मन. असेल. पण त्यांनी बायकोला कधी एका शब्दानं विचारलं नाही. चिंधी बाळाच्या दुपट्याची, ते न ओळखायला ते आंधळे नव्हते. त्यांनी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. रिबकाबाईंना कोट धुताना सापडली, त्यांनी वाळल्यावर परत तिथेच ठेवली. दोघं एकाच ताटातलं मीठ घेत होती आणि त्या चिंधीबद्दल बोलत नव्हती. "एकदा विचारलं असतं," रिबकाबाई म्हणायच्या, "तर मी 'हो' म्हटलं असतं आणि नाखव्याच्या दारात जाऊन बसले असते." मी म्हटलं, तुम्हीच बोला की. तर म्हणाल्या, आता बोलले तर हे खोटं बोलले असं होईल, आणि आता त्यांच्याकडे दुसरं काय उरलंय? नवऱ्यानं वाचवलं, ते असं. मला शपथ घालून त्यांनी माझंही तोंड बांधलं.

पुढच्या शुक्रवारी मास्तर मशिदीत गेले नाहीत. ऊन उतरल्यावर कंदील पेटवून, काठी टेकत, कासवासमोरच्या कातळावर जाऊन बसले. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. इंजिनघरात माशी चालू होती, पहिला दिवा जळत होता, दुसरा तयार होता; तरी हे तिसरा घेऊन बसलेले. घरात रिबकाबाई शब्बाथचा दिवा एकट्या लावायच्या. मशिदीतले दोघे म्हातारे समजावायला आले. जीव वाचवायला शब्बाथ मोडला तर पाप नाही, म्हणाले, पण तू दर शुक्रवारी मोडतोस, तो कुणाचा जीव वाचवायला?

मास्तर म्हणाले, "कुठल्या शुक्रवारी वाचवायचा, ते मला आधी कळत नाही."

म्हातारे चहा न घेता गेले.

दुसऱ्या वर्षी आमची बदली झाली. सामान बैलगाडीनं पुढे गेलं आणि आम्ही मचव्यानं निघालो, भरती पाहून, आणि भरती होती शुक्रवारी संध्याकाळची. निघताना रिबकाबाई काचेच्या दिव्यात तेल घालत होत्या. त्यांनी मला हलवा बांधून दिला. मी भिंतीवर एकदा हात फिरवून निघाले. मास्तर घरात नव्हते.

मचव्याच्या सुकाणूवर धर्मा नाखवा होता. खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा पुरता अंधार पडला होता. खांबावर दिवा जळत होता, पांढरा, स्थिर. त्याच्या खूप खाली, कातळावर, बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, एक पिवळा कंदील. मचवा जवळ आला तसा कंदील उचलला गेला आणि डोक्यावर धरलेला राहिला. आमच्या ह्यांनी हात हलवला. अंधारात तो कुणाला दिसणार.

मला राहवेना. मी म्हटलं, "नाखवा, तो कंदील दिसतो का तुम्हाला?"

"दिसतो," तो सुकाणूवरचा हात न काढता म्हणाला. "दर सुक्करवारी दिसतो."

कासव डाव्या हाताला मागे गेलं. पाण्यानं एकदा खळ्ळ केलं तेवढंच. मग नाखवा, माझ्याशी नव्हे, पुढे बघत म्हणाला, "त्या दिशी दिसाया पायजे व्हता."

मी मागे वळून बघत राहिले. मास्तरांचा हात भरून आला असला पाहिजे, पण आम्ही खाडीबाहेर पडून वळेपर्यंत त्यांनी कंदील खाली घेतला नाही.